वालकूपाच्या डोंगरावरचा हिवाळा

मित्रांनो, मला पाहून तुम्हांला वाटेल की कुणीतरी इथे भंगार आणून टाकले आहे. माझा रंग उडाला आहे, पुढचा एक दिवा फुटला आहे आणि चाकांच्या वर रानगवत आले आहे. पण नीट पाहा. मी एक जुनी कॅम्पर आहे, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी. पुढे चालकाची खुर्ची, मागे दोन पलंग, एक घडीचे टेबल, दोन शेगड्यांचा ओटा आणि कपाटाएवढी मोरी. एवढा संसार माझ्या पोटात मावतो.

माझा जन्म इटलीतल्या टस्कनी भागातल्या एका कारखान्यात झाला. ज्या सुताराने माझी कपाटे बसवली, तो काम करताना सारखी शीळ घालत असे. मला वाटले, जग असेच आनंदी असणार. पहिली काही वर्षे ते खरेही होते. फेर्रारा शहरात छापखान्यात काम करणारे ग्वाल्तिएरो नावाचे गृहस्थ माझे मालक होते. दर ऑगस्टमध्ये ते बायकोला आणि दोन मुलींना घेऊन माझ्यातून समुद्राकाठी जात. मुली माझ्या खिडक्यांत ओले कपडे वाळत घालत. ग्वाल्तिएरो शेजारच्या गाडीवाल्यांना मोठ्या अभिमानाने म्हणत, "ही आमची राणी."

हिवाळा मात्र मला ठाऊक नव्हता. ऑक्टोबर लागला की ते मला छपराखाली उभी करत आणि वर ताडपत्री टाकत. माझ्या भिंती पातळ आहेत. त्या उन्हाळ्यासाठीच केलेल्या आहेत.

पुढे मुली मोठ्या झाल्या. ग्वाल्तिएरोंचे गुडघे दुखू लागले. एका वर्षी ताडपत्री निघालीच नाही, आणि मग बरीच वर्षे निघाली नाही. उंदरांनी माझ्या गादीत घर केले. कुणीतरी माझ्या टेबलावर भोपळे साठवले. एकटेपणाची सवय होते असे लोक म्हणतात. मला झाली नाही.

मग एका शरद ऋतूत डोंगरांत भूकंप झाला. गावेच्या गावे पडली. सरकारने लोकांना बसमध्ये बसवून समुद्राकाठच्या रिकाम्या हॉटेलांत नेले. पण ज्यांच्याकडे जनावरे होती त्यांना जाता येईना. कुणाकडे कॅम्पर पडून असेल तर द्या, असे रेडिओवर सांगत होते. ग्वाल्तिएरोंच्या धाकट्या मुलीने ते ऐकले. तिने भोपळे बाहेर काढले, माझी डागडुजी करून घेतली आणि मला घेऊन ती वालकूपा नावाच्या गावी आली.

गाव कसले, दगडांचे ढीग होते. एका कुरणात पोलादी कमानींवर जाड ताडपत्री ताणून मेंढ्यांचा गोठा उभा केला होता. तिथे एक उंच, हाडकुळी बाई हातात दुधाची बादली घेऊन उभी होती. तिचे नाव एर्सिलिया. साठी ओलांडलेली. मेंढ्या पाळायच्या आणि त्यांच्या दुधाचे चीज करायचे, हे तिचे आयुष्यभराचे काम. मुलीने तिच्या हातात माझी किल्ली ठेवली आणि तिला मिठी मारली. एर्सिलियाने बादली खाली ठेवली नाही. तिला रडायचे नव्हते.

मुलगी गेल्यावर ती माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "कागदाचं खोकं आहे हे. यात हिवाळा काढायचा म्हणजे मेंढीनं लोकर काढून बर्फात बसायचं."

तिच्या मागून तिचा नवरा आला. त्याचे नाव नाझारेनो. बुटका, रुंद खांद्यांचा, हाताने काही ना काही चाचपत राहणारा माणूस. त्याने माझ्या अंगावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"पातळ आहे," तो म्हणाला. "पण हलकी आहे. अंगावर पडली तरी माणूस मरणार नाही."

त्या बोलण्याचा अर्थ मला नंतर कळला. भूकंप झाला तेव्हा एर्सिलिया मेंढ्यांबरोबर उघड्या माळावर होती. नाझारेनो मात्र घराच्या तळघरात चीज उलटेपालटे करत होता. जिना कोसळला आणि तो दगडांखाली अडकला. अंधारात, तोंडात चुना, आणि वरून पुन्हा पुन्हा धक्के. अग्निशमन दलाच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढले. हाड एकही मोडले नव्हते. सगळे म्हणाले, काय नशीबवान माणूस.

त्यालाही हॉटेलात जागा मिळाली होती. तिथून रोज सकाळी पहिल्या बसने तो डोंगरावर येऊ लागला आणि मला हिवाळ्यासाठी तयार करू लागला. मित्रांनो, माझी इतकी काळजी त्याआधी कुणी घेतली नव्हती. आधी त्याने माझी जागा ठरवली. गोठ्यापासून, अक्रोडाच्या झाडापासून, प्रत्येक उभ्या भिंतीपासून त्याने दोरीने अंतर मोजले. काहीही पडले तरी ते माझ्यावर येऊ नये, म्हणून. चाके जमिनीला गोठून चिकटू नयेत म्हणून त्यांच्याखाली फळ्या घातल्या. खालून वारा शिरू नये म्हणून माझ्याभोवती पेंढ्याचे गठ्ठे रचले. खिडक्यांच्या मापाने चंदेरी जाड कापड कापले. टाकीतले पाणी सोडून दिले, कारण नळात पाणी गोठले की नळ फुटतो. पाणी कॅनमध्ये, आत, शेगडीजवळ ठेवायचे. फावडेसुद्धा आत ठेवायचे. "बाहेर ठेवलंस तर बर्फाखाली जाईल, मग दार कशानं मोकळं करशील?" तो म्हणाला.

गॅसची एक टाकी त्याने परत पाठवली. त्यातला गॅस कडक थंडीत पेटत नाही. दुसऱ्या गॅसच्या दोन टाक्या त्याने आणल्या. माझ्या छतात हवेसाठी एक भोक आहे. एर्सिलियाने त्यात फडके कोंबले होते. ते पाहून तो एवढा ओरडला की कुत्री भुंकू लागली.

"अगं, शेगडी पेटवून हे बंद केलंस तर झोपेतच जाशील!"

"आणि उघडं ठेवलं तर थंडीनं जाईन. तूच सांग, कशानं जाऊ?"

"थंडीनं माणूस जागा होतो," नाझारेनो म्हणाला. "त्या भोकाला हात लावू नकोस. शपथ घे."

"घेतली बाबा, घेतली. या भोकाची शपथ."

ती हसत होती. त्या दिवसांत ती बऱ्याचदा हसायची. कारण तिला वाटत होते की ही तयारी दोघांसाठी चालली आहे. मलाही तसेच वाटत होते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. नाझारेनो माझ्या आत काम करायचा तेव्हा दार उघडे ठेवायचा, आणि दाराच्या चौकटीत एक पाय बाहेर असायचा. जमीन जरा थरथरली की खणातले चमचे किणकिणायचे. मग त्याच्या हातातले काम खाली पडायचे आणि तो कुरणाच्या मधोमध जाऊन उभा राहायचा. थोड्या वेळाने खाली पडलेला खिळा उचलायला परत यायचा. एर्सिलिया तेव्हा मेंढ्यांकडे असायची.

नोव्हेंबर संपत आला. सगळे काम झाले. एर्सिलियाने त्या दिवशी अग्निशमन दलाच्या जवानाला बरोबर घेऊन आपल्या मोडक्या घरातून एक मोठी रजई आणि दोन उशा आणल्या. तिने मागचे दोन्ही पलंग पाहिले. गादीला ओल धरू नये म्हणून नाझारेनोने खाली लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या. एकाच पलंगाखाली.

"हे काय? दुसऱ्याच्या पट्ट्या कुठं आहेत?" तिने विचारले.

नाझारेनो माझ्या दाराची बिजागरी घासत राहिला.

"तू कुठं झोपणार? टेबलावर?"

"मी येत जाईन," तो म्हणाला. "बस असेल तेव्हा."

"बर्फ पडल्यावर बस येत नाही. तू इथं जन्मलास, तुला मी सांगू?"

एर्सिलियाने उशा छातीशी धरल्या होत्या. मग तो फार हळू आवाजात म्हणाला, "चमचे वाजतात, एर्सिलिया."

"काय?"

"चमचे वाजतात. ते वाजले की मी परत तिथं असतो. तळघरात. मला श्वास घेता येत नाही."

एर्सिलियाने उशा पलंगावर टाकल्या. खण ओढला. सगळे चमचे, काटे, सुऱ्या तिने एका पंच्यात घट्ट गुंडाळल्या, त्यावर दोरी आवळली आणि ते गाठोडे पलंगाखाली सारले.

"झालं," ती म्हणाली. "आता वाजून दाखव म्हणावं."

नाझारेनोने तिच्याकडे पाहिले. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मग तो बसकडे गेला. ती दारात उभी राहिली नाही. ती मेंढ्यांचे दूध काढायला गेली आणि त्या संध्याकाळी तिने फार वेळ दूध काढले.

मित्रांनो, तो हिवाळा आम्ही दोघींनी काढला. बरोबर ब्रिना नावाची पांढरी कुत्री होती. सकाळी माझ्या खिडक्यांवर आतून बर्फ असायचा. एर्सिलिया तो चमच्याने खरवडायची. गाठोड्यातून तिने एवढा एकच चमचा काढला होता. त्यानेच ती मसुराचे सूप खायची, त्यानेच कॉफी ढवळायची. भोकाला तिने हात लावला नाही.

दर संध्याकाळी नाझारेनोचा फोन यायचा. तिचे हात दुधाचे असायचे, म्हणून ती फोन टेबलावर ठेवून मोठ्याने बोलायची आणि मला सगळे ऐकू यायचे.

"काय जेवलास?"

"मासे. परत मासे. या लोकांना दुसरं काही शिजवता येत नाही. ती काळ्या कानाची मेंढी लंगडत होती, तिचं काय?"

"बरी आहे. सगळं बरं आहे."

सगळे बरे नव्हते. थंडीने दोन कोकरे मेली होती. तिच्या बोटांना भेगा पडून रक्त येत होते. हे ती फोन ठेवल्यावर ब्रिनाला सांगायची.

एकदा तो म्हणाला, "काल जेवताना सगळ्यांसमोर आपली शेजारीण आर्मिदा म्हणाली, वालकूपात आता एकच पुरुष उरलाय, आणि तो एर्सिलिया आहे."

एर्सिलियाने हात पुसले.

"आर्मिदाला सांग," ती म्हणाली, "तिच्या कोंबड्यांना दाणे कोण घालतंय? मीच ना? तोंड आवरलं नाही तर एकेकीचं सूप करीन म्हणावं."

तो हसला. ती मात्र हसली नाही. आर्मिदा जे बोलली होती ते तिच्याही मनात येऊन गेले होते, असे मला वाटले. कारण फोन ठेवल्यावर ती ब्रिनाला म्हणाली, "मी काय दगड आहे का गं? मला नाही भीती वाटत?"

जानेवारीत मोठा बर्फ आला. असा बर्फ गावात कुणी पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी वीज गेली. मग फोन मुका झाला. गोठ्याच्या ताडपत्रीवर बर्फ साचून ती खाली वाकू लागली. एर्सिलिया शिडी लावून लांब झाडूने बर्फ पाडत राहिली. पाडला तेवढा पुन्हा पडत होता. तिसऱ्या दिवशी शिडी घसरली. ती उठली तेव्हा तिचा एक पाय जमिनीला टेकत नव्हता. रांगत, ब्रिनाच्या मानेला धरत ती माझ्यापर्यंत आली आणि तिने दार ओढून घेतले.

पुढच्या सकाळी ते दार उघडेना. बाहेर बर्फ अर्ध्या खिडकीपर्यंत आला होता. फावडे आत होते, पण पायावर जोर देता येत नव्हता. गॅस संपून शेगडी विझली. गॅसची दुसरी टाकी माझ्या बाहेरच्या कप्प्यात, बर्फाखाली होती. एर्सिलिया दोन्ही उशा आणि कुत्री कवटाळून रजईत पडून राहिली. गोठ्यातून मेंढ्यांचे ओरडणे येत होते. त्यांना चारा घालायला कुणी नव्हते. तिला पायापेक्षा तेच जास्त दुखत होते. मी पातळ भिंतींची गाडी. तिला ऊब द्यावी असे माझ्यापाशी काहीच नव्हते. माझ्या आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नाही.

आणखी एक दिवस तसाच गेला. मग उजाडल्यावर खालच्या वळणाकडून घरघर ऐकू आली. बर्फ हटवणारे यंत्र होते. ते चालवत होता खालच्या गावचा सेत्तिमिओ. यंत्र कुरणाच्या कडेला थांबले आणि त्यातून नाझारेनो उतरला. फोन लागेना तेव्हापासून तो रस्ते खात्याच्या दारात बसून होता, हे सेत्तिमिओने पुढे सांगितले. "मला न्या नाहीतर मी चालत जातो" असे म्हणत त्याने सगळ्यांना भंडावून सोडले होते.

तो कमरेएवढ्या बर्फातून माझ्याकडे आला. हातांनी बर्फ उपसू लागला. "एर्सिलिया! एर्सिलिया!"

"ओरडू नकोस, जिवंत आहे!" ती आतून म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "आधी मेंढ्यांना चारा टाका!"

"सेत्तिमिओ टाकतोय!"

आणि त्याच वेळी जमीन हलली.

मोठा धक्का होता. माझी कपाटे उघडली, छतावरचा बर्फ घसरून खाली आला, अक्रोडाची एक फांदी कडाडली. पुढच्या काचेतून मला नाझारेनो दिसत होता. मित्रांनो, मी तुम्हांला खोटे सांगणार नाही. तो पळाला. धडपडत, पडत, तो कुरणाच्या मधोमध गेला आणि डोके दोन्ही हातांत धरून बर्फात बसला.

धक्का थांबला.

मग नाझारेनो उठला. जमीन अजून अधूनमधून शहारत होती. तो परत आला. दार मोकळे होईना म्हणून त्याने चालकाच्या बाजूची खिडकी उघडली, आणि ज्या पेटीत शिरायला त्याचा जीव गुदमरत होता त्या माझ्या पोटात तो डोके पुढे करून शिरला.

एर्सिलिया रजईतून म्हणाली, "बायकोच्या घरी खिडकीतून येतोस? चोरासारखा?"

"दार कुठं दिसतंय?" तो म्हणाला, आणि तिच्या पायाशी बसून हुंदके देऊन रडला. तिने त्याच्या डोक्यावरचा बर्फ झटकला.

खाली दवाखान्यात जायला ती तयार होईना. मेंढ्यांना कोण बघणार? सेत्तिमिओने डॉक्टरला वर आणले. पाय मोडला नव्हता, मुरगळला होता. तो बरा होईपर्यंत नाझारेनो राहिला. त्याने चारा घातला, दूध काढले, छत साफ केले. पण तो झोपला नाही. चालकाच्या खुर्चीत, दाराच्या मुठीवर हात ठेवून तो बसायचा. त्याचे डोळे खोल गेले. जमीन थरथरली की एर्सिलिया अंथरुणातून काहीतरी साधेसे बोलायची. "मक्याचा पोलेंटा खाली लागेल, ढवळ." किंवा "ब्रिनाला पाणी दे." तो उठून ढवळायचा. ती तिकडे मुद्दाम पाहत नसे.

रस्ता मोकळा झाला, बस सुरू झाली. तेव्हा तीच म्हणाली, "जा आता. समुद्रावर जा आणि नीट झोप."

"तू रागावलीस?"

"नोव्हेंबरात रागावले होते. आता तुझे डोळे बघून मला भीती वाटते. जा म्हणते ना. मी चालते आता."

तो गेला. पुन्हा आम्ही दोघी आणि कुत्री. पण त्या दिवसापासून ती ब्रिनाशी कमी बोलू लागली आणि फोनवर जास्त. मेलेल्या कोकरांचेही तिने त्याला सांगितले.

वसंत आला. नाझारेनो पुन्हा रोज येऊ लागला. दुपारी एर्सिलिया मेंढ्या घेऊन वर गेली की तो माझ्यात येऊन बसायचा. एकटाच. काही काम नसायचे. आधी दार सताड उघडे ठेवून, अगदी कडेला. काही दिवसांनी टेबलापाशी. मग एकदा दार अर्धे लोटून. तो घामाने भिजायचा, बाहेर जायचा, पुन्हा आत यायचा. कुणाला त्याने हे सांगितले नाही. फक्त मला ठाऊक होते. उन्हाळाभर हे चालले. मी जितकी स्तब्ध राहता येईल तितकी राहायची.

सप्टेंबरातल्या एका दुपारी तो आला, त्याने दार पूर्ण लावले, बूट काढले आणि पलंगावर आडवा झाला. थोड्या वेळाने तो घोरू लागला.

संध्याकाळ झाली. हिवाळ्यात बर्फ हटवणारा सेत्तिमिओ इतर वेळी बस चालवायचा. त्याने वळणावर बस थांबवली आणि हॉर्न वाजवला. मेंढ्या घेऊन उतरणाऱ्या एर्सिलियाने माझ्या खिडकीतून आत पाहिले. मग ती हात हलवत बसकडे धावली.

"वाजवू नकोस, गाढवा!"

"अगं, पण नाझारेनो? शेवटची बस आहे ही."

"तू जा. तो झोपलाय."

"झोपलाय? कुठं?"

"घरात," एर्सिलिया म्हणाली.

मित्रांनो, मला राणी म्हणणारे भेटले, खोके म्हणणारे भेटले. तो शब्द मात्र मला त्याआधी कुणी दिला नव्हता.

पुढच्या वर्षी सरकारने त्यांना लाकडाचे छोटे घर बांधून दिले. ते दोघे आता तिथे राहतात. त्यांच्या खिडकीतला दिवा मला इथून दिसतो. चांगले उबदार घर आहे. मला त्याचा हेवा वाटत नाही, असे मी म्हणणार नाही. आर्मिदाची एक कोंबडी कधीकधी माझ्या खणात अंडे घालून जाते. बाकी माझ्याकडे कुणी येत नाही. पावसाचे पाणी छतातून गळते, आणि पलंगाखालच्या पट्ट्या आता कुजू लागल्या आहेत.

तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल. वर्षातून एकदा तरी तिच्यावरची धूळ झटका. ती अजून कुणाच्या उपयोगी पडणार आहे ते तिलाही ठाऊक नसते. आणि तुमच्या ओळखीत कुणी घाबरट माणूस असेल तर त्याला हसू नका. त्याला ओढूनही आणू नका. जागा नीट करून ठेवा आणि त्याला यायला वेळ द्या.

या बाजूला कधी आलात तर मलाही भेटा. माझे दार अजून उघडते. थोडे वर उचलून ओढावे लागते, एवढेच.